फायली हजारोंनी, प्रोग्रॅम काही उघडेना : संगणक शंकासमाधान

या वेळच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रं जास्त होती. फोल्डरात फायली फार झाल्या की प्रोग्रॅम सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं घेतो, आणि काय बदलावं ते कळत नाही. म्हणून तेवढेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. आज्ञा आणि मेनूंची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत.

प्रश्न : आमचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. डी ड्राइव्हवर ‘फोटो’ नावाच्या एकाच फोल्डरात ६८,००० फायली साठल्या आहेत. फोटोचा प्रोग्रॅम सुरू केला की चार-साडेचार मिनिटं नुसतं चक्र फिरत राहतं. रॅम ८ची १६ जीबी केली, फरक शून्य. आता एसएसडी घ्यावी का? — स्टुडिओचालक, इचलकरंजी

उत्तर : एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क, कधीतरी घ्यालच, पण त्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. नाहीतर रॅमचं झालं तेच एसएसडीचं व्हायचं.

फोल्डरात फायली जास्त असणं हा स्वतःहून गुन्हा नाही. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत, फोल्डरातली नावं फांद्या फुटत गेलेल्या झाडासारखी लावलेली असतात. ६८,००० नावांतून एक शोधायला दोन-तीन पायऱ्या पुरतात. वेळ खातो तो प्रोग्रॅम त्या फायलींशी जे काही करतो त्यात. तो एक तर नुसती नावांची यादी वाचतो. किंवा प्रत्येक फाइलची तारीख आणि आकार वेगवेगळा विचारतो. किंवा प्रत्येक फाइल उघडून आतलं वाचतो, म्हणजे कॅमेऱ्याचं नाव, छोटं चित्र, फोटो आडवा की उभा वगैरे. नुसती यादी एवढ्या फायलींचीही काही सेकंदांत होते. खरी मेख फाइल उघडण्यात आहे.

हिशेब करून बघा. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे) हार्ड डिस्कवर हेड जागेवर पोचायला साधारण ९ मिलिसेकंद आणि तबकडी सरासरी अर्धा फेरा फिरायला ४.२ मिलिसेकंद लागतात. एका फाइलमागे १३ मिलिसेकंद धरले तर ६८,००० फायलींना पावणेपंधरा मिनिटं. हा वाईटात वाईट आकडा झाला; शेजारशेजारच्या फायली एका दमात वाचल्या जातात, म्हणून तुमचं चार मिनिटांत भागतं. एसएसडीवर फाइलमागे ०.१ मिलिसेकंद धरा, तेच काम सात सेकंदांचं. पण ही चार मिनिटं डिस्कच खात असेल तरच हे गणित लागू.

ते ओळखायचं असं. प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, ‘फोटो’ फोल्डरचं नाव बदलून ‘फोटो_जुने’ करा आणि प्रोग्रॅम सुरू करा. तो पाच-दहा सेकंदांत उघडला तर गुन्हेगार सापडला. (कॅटलॉग, म्हणजे फोटोंची स्वतःची नोंदवही, ठेवणारा प्रोग्रॅम फोटो हरवल्याची ओरड करेल. त्याला काहीही ‘काढून टाकू’ देऊ नका; बंद करून फोल्डरचं नाव पूर्ववत करा.) तरीही चार मिनिटंच लागली तर दोष फायलींचा नाही, प्लगइन, परवाना तपासणी किंवा फॉन्ट यांच्याकडे वळा.

मग संगणक रीस्टार्ट करून प्रोग्रॅम एकदा उघडा, बंद करा, लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्या वेळी वेळ चार मिनिटांवरून तीस सेकंदांवर आला तर पहिल्या वेळचा सगळा खर्च डिस्कवरून वाचण्याचा होता, कारण दुसऱ्यांदा तीच माहिती रॅममधून मिळाली. अशा वेळी एसएसडीचे पैसे वसूल. दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागला तर प्रोसेसर किंवा अँटिव्हायरस प्रत्येक फाइलवर काहीतरी करतो आहे. एसएसडी घेऊनही हाती फार काही लागणार नाही.

याहून नेमकं बघायचं तर प्रोसेस मॉनिटर वापरा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे मोफत साधन आहे. ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, कंट्रोल-एल दाबून फिल्टरमध्ये ‘प्रोसेस नेम’ म्हणून तुमच्या प्रोग्रॅमचं नाव द्या आणि फिल्टर मेनूतलं ‘ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स’ चालू करा, नाहीतर नोंदी लाखांत जाऊन तेच साधन अडकतं. कंट्रोल-एक्सने पाटी कोरी करा, प्रोग्रॅम सुरू करा, तो उघडल्यावर कंट्रोल-ईने नोंद थांबवा. आता टूल्स मेनूतलं ‘फाइल समरी’ उघडा. कोणत्या फोल्डरवर किती वेळ गेला ते समोर येतं.

मूळ यादीत ‘क्वेरीडिरेक्टरी’च्या ओळी थोड्या दिसतील, कारण एका विचारणीत नावांचा मोठा गठ्ठा येतो. ‘क्रिएटफाइल’च्या ओळी मोजा. नावावर जाऊ नका, फाइल नुसती उघडली तरी हीच नोंद होते. त्या हजारोंनी असल्या तर प्रोग्रॅम एकेक फाइल उघडतो आहे. सोबत ‘नेम नॉट फाउंड’ असा हजारो वेळा निकाल दिसला तर घाबरू नका. बहुतेक फोटो प्रोग्रॅम प्रत्येक फोटोशेजारी बदलांची नोंद ठेवणारी एक्सएमपी नावाची जोडफाइल आहे का ते चाचपतात, आणि ती नसली की हाच निकाल येतो. डार्कटेबल या फोटो प्रोग्रॅममध्ये सुरू होताना सगळ्या एक्सएमपी फायली तपासण्याचा एक पर्याय सेटिंग्जमध्ये आहे; दुसऱ्या प्रोग्रॅममधून बदल करत नसाल तर तो बंद ठेवा.

आता उपाय. ‘फोल्डर तोडा, वर्षावार करा’ हा सल्ला सगळे देतात, आणि अर्ध्या वेळा तो फुकट जातो. प्रोग्रॅम फक्त वरचा एक फोल्डर वाचत असेल तरच तोडण्याचा फायदा. तो आतल्या फोल्डरांतही उतरत असेल तर घरात खोल्या कितीही पाडा, माणसं तेवढीच राहतात. म्हणून तोडायचं आणि शिवाय प्रोग्रॅमची नजरही आखडायची. लग्नागणिक एक फोल्डर करा, नाव वर्ष-महिना-दिवसाने सुरू होऊ द्या, एका फोल्डरात चार-पाच हजारांच्या वर फायली नकोत. मग सेटिंग्जमध्ये ‘वॉच्ड फोल्डर’ किंवा ‘लायब्ररी’ जिथे लिहिलेलं असेल तिथे संपूर्ण डी ड्राइव्ह काढून फक्त चालू वर्षाचा फोल्डर द्या. लाइटरूमसारख्या कॅटलॉगवाल्या प्रोग्रॅममध्ये फोल्डर त्याच्याच फोल्डर पॅनलमधून हलवा. एक्सप्लोररमधून हलवलेत तर तिथे प्रश्नचिन्हं उगवतील आणि एकेक फोल्डर पुन्हा दाखवत बसावं लागेल.

काही प्रोग्रॅम शेवटी उघडलेला फोल्डर लक्षात ठेवून सुरू होताना तोच पुन्हा उघडतात. तुमचा तसा असेल तर रात्री बंद करण्यापूर्वी एखादा रिकामा फोल्डर उघडून ठेवा. फुकटचा उपाय आहे.

प्रश्न : छापखान्यात डीटीपीच्या संगणकावर गेल्या पंधरा वर्षांचे मिळून ४,२०० फॉन्ट आहेत. पानं लावण्याचा, चित्रांचा, कोणताही प्रोग्रॅम उघडायला दोन-अडीच मिनिटं लागतात. जुनी कामं केव्हाही परत येतात, म्हणून फॉन्ट काढायची भीती वाटते. — मुद्रक, सांगली

उत्तर : फॉन्टचा फोल्डर हाही मोठा फोल्डरच, आणि तो प्रत्येक प्रोग्रॅम वाचतो. मेनूत फॉन्टचं जे नाव दिसतं ते फाइलचं नाव नसतं. ते फाइलच्या आतल्या तक्त्यात असतं. त्यामुळे यादी बनवायला फाइल उघडावीच लागते. विंडोज स्वतःचा साठा ठेवतं, पण डीटीपीचे बरेच प्रोग्रॅम आपली वेगळी यादी बनवतात आणि एक फॉन्ट जरी बदलला तरी ती पुन्हा तपासतात.

मराठी छापखान्यांत आणखी एक भानगड असते. युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट एकमेकांकडून घेतलेले, पेनड्राइव्हमधून आलेले असतात. फाइलचं नाव वेगळं, आतलं नाव एकच, अशा जोड्या त्यांत सर्रास सापडतात. प्रोग्रॅम त्यांतला कोणता उचलेल याचा भरवसा नाही. उघडायला वेळ तर लागतोच, वर कधीतरी जोडाक्षर भलतंच उमटतं.

फॉन्ट फेकायचे नाहीत, संगणकावरून उतरवून कपाटात ठेवायचे. आधी सगळ्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. फॉन्ट दोन ठिकाणी असतात हे विसरू नका: एक विंडोज फोल्डरातला ‘फॉन्ट्स’, आणि दुसरा वापरणाऱ्याच्या अॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज या वाटेवरचा ‘फॉन्ट्स’. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून अॅडमिनिस्ट्रेटर न होता टाकलेले फॉन्ट या दुसऱ्या जागी जातात, आणि साफसफाईत नेमकी तीच जागा राहून जाते.

मग रोजच्या कामाचे दीडशे ते तीनशे फॉन्ट ठेवा, बाकीचे सेटिंग्जमधल्या ‘पर्सनलायझेशन’, ‘फॉन्ट्स’मधून काढा. सेगो यूआय, निर्मला यूआय, टाहोमा, एरियल यांना हात लावू नका. विंडोजचे स्वतःचे मेनू त्यांवर उभे आहेत. मंगल फॉन्टही असू द्या, जुन्या वर्ड फायली तो मागतात. पीएफबी-पीएफएम अशा जोडीचे टाइप-१ फॉन्ट खुशाल कपाटात टाका. अॅडोबीने जानेवारी २०२३पासून आपल्या प्रोग्रॅममधला त्यांचा आधार काढला आहे, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर काम नसेल तर ते नुसतेच ओझं आहेत.

जुनं काम परत आलं तर? इनडिझाइनमध्ये कामाच्या फाइलशेजारी ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर असला की त्यातले फॉन्ट तेवढ्या फाइलपुरते आपोआप लागू होतात. ‘पॅकेज’ केलं की तो फोल्डर प्रोग्रॅमच बनवतो. नवीन प्रत्येक काम संपताना पॅकेज करून ठेवलंत तर फॉन्टची भीती इथेच संपते. कोरलड्रॉसाठी त्याचा फॉन्ट मॅनेजर किंवा फॉन्टबेससारखं साधन घेऊन लागेल तेव्हा फॉन्ट चालू-बंद करा.

काढून झाल्यावर साठाही नवा करा. ‘सर्व्हिसेस’मध्ये विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस थांबवा, विंडोजच्या सर्व्हिसप्रोफाइल्स, लोकलसर्व्हिस, अॅपडेटा, लोकल या वाटेवरच्या ‘फॉन्टकॅश’ फोल्डरातल्या फायली पुसा, रीस्टार्ट करा. पहिल्यांदा उघडताना वेळ लागेल, तो मोजू नका. दुसऱ्यांदा उघडाल तो खरा. फोटोशॉपमध्ये ‘टाइप’ मेनूतलं ‘फॉन्ट प्रिव्ह्यू साइझ’ ‘नन’ करा, म्हणजे मेनू उघडताना प्रत्येक फॉन्टचा नमुना काढत बसणार नाही.

प्रश्न : कर सल्लागाराचं कार्यालय आहे. सर्व्हरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरात ३१,००० पीडीएफ आहेत. कागदपत्रं दाखवणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर बसून उघडला तर वीस सेकंद, तोच माझ्या वायफायवरच्या लॅपटॉपवर पाच मिनिटं. घरून व्हीपीएनने तर उघडतच नाही. नेटचा वेग १०० एमबीपीएस आहे! — नाशिक

उत्तर : एमबीपीएसचा इथे काही संबंध नाही. तो पाइप किती जाड आहे ते सांगतो. तुमचं दुखणं पाइप किती लांब आहे हे आहे.

प्रोग्रॅम प्रत्येक पीडीएफ उघडतो, माहिती विचारतो, बंद करतो. शेअर फोल्डरवर याच्या किमान तीन खेपा होतात, आणि एक खेप परत आल्याशिवाय पुढची निघत नाही. ३१,००० फायलींच्या ९३,००० खेपा. वायफायवर एका खेपेला ३ मिलिसेकंद लागत असतील तर २७९ सेकंद, म्हणजे तुमची पाच मिनिटं भरली. केबलवर अर्धा मिलिसेकंद धरा, पाऊण मिनिट. व्हीपीएनवर, म्हणजे घरून इंटरनेटमार्गे ऑफिसच्या जाळ्यात शिरताना, ४० मिलिसेकंद असले तर एक तास दोन मिनिटं! ‘उघडतच नाही’ म्हणजे तासभर कोणी वाट पाहत नाही, एवढंच. तुमचा आकडा काढायला कमांड प्रॉम्प्टवर पिंग आणि सर्व्हरचं नाव द्या. ‘टाइम’पुढे दिसतो तो एका खेपेचा वेळ.

विंडोज शेअर फोल्डरांच्या याद्या थोडा वेळ आठवणीत ठेवतं, पण त्या साठ्यात एका फोल्डरची यादी ६४ केबीपर्यंतच मावते. तीसएक अक्षरांची नावं असली तर ती जेमतेम चारशे फायलींची झाली. तुमच्या ३१,००० नावांची यादी तिथे टिकतच नाही, दर वेळी नव्याने येते. पक्षकारागणिक आणि आर्थिक वर्षागणिक फोल्डर केलेत तर तो फायदाही मिळू लागेल.

करायचं काय, तर ऑफिसात लॅपटॉपला केबल लावा. याहून स्वस्त उपाय नाही. घरून काम करताना फायली घरी ओढू नका, रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर किंवा ऑफिसातल्या संगणकावर जा आणि प्रोग्रॅम तिथेच चालवा. मग लांबून येतं ते फक्त पडद्याचं चित्र. प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला ‘ऑल’ऐवजी चालू पक्षकाराचाच फोल्डर उघडण्याची सोय असली तर ती लावा, आणि ‘थंबनेल’ किंवा ‘प्रिव्ह्यू’ बंद करा. पहिल्या पानाचं छोटं चित्र काढायला पीडीएफमधला मजकूर ओढावा लागतो, तेव्हा खेपा तीनवर थांबत नाहीत.

प्रश्न : त्याच धर्तीवर : स्कॅनर ‘स्कॅन_०००००१’ अशी नावं देत सगळं एकाच फोल्डरात टाकतो. आता साडेतीन लाख फायली आहेत आणि नवी फाइल साठवतानाही अडखळतं. — सोलापूर

उत्तर : हे वेगळं दुखणं आहे. जुन्या डॉसच्या प्रोग्रॅमांसाठी विंडोज प्रत्येक लांब नावाच्या फाइलला आठ-अधिक-तीन अक्षरांचं एक गुपचूप छोटं नावही देऊ शकतं. ते पहिल्या सहा अक्षरांवरून बनतं. तुमच्या सगळ्या फायलींची सुरुवात सारखीच, त्यामुळे नवं छोटं नाव आधीच्या कुणाशी जुळत नाही ना हे तपासण्यातच वेळ जातो. फोल्डरात तीन लाखांच्या वर फायली असतील आणि पहिली सहा अक्षरं सारखी असतील तर ही सोय बंद करा, असं मायक्रोसॉफ्टचंच सांगणं आहे.

अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ‘एफएसयुटिल ८डॉट३नेम क्वेरी डी:’ देऊन आधी स्थिती बघा. नव्या विंडोजवर फॉरमॅट केलेल्या डेटा ड्राइव्हवर ती बहुधा बंदच असते. जुन्या ड्राइव्हवर चालू सापडते. बंद करायला ‘एफएसयुटिल ८डॉट३नेम सेट डी: १’. हे फक्त नव्या फायलींना लागू होतं. जुनी छोटी नावं काढायला ‘स्ट्रिप’ आहे, पण ते आधी ‘/टी’ लावून चाचणीपुरतं चालवा. सी ड्राइव्हवर मात्र ‘स्ट्रिप’ नको म्हणजे नको. कित्येक प्रोग्रॅमांच्या नोंदी रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीत छोट्या नावांनी असतात, त्या तुटतात.

आणि स्कॅनरला सांगा, तारीख आधी, क्रमांक नंतर, रोज नवा फोल्डर. बहुतेक ऑफिस स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, कुणी लावलेली नसते.

प्रश्न : गाडीतल्या म्युझिक सिस्टिमला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावला आहे. अभंग, कीर्तनं, नाट्यगीतं मिळून नऊ हजार फायली एकाच ठिकाणी. गाडी सुरू केल्यावर पहिलं गाणं लागायला पाच मिनिटं! — सातारा

उत्तर : गाडीतला प्लेअर म्हणजे हळू प्रोसेसरचा छोटा संगणक, आणि लावल्या लावल्या तो नऊ हजार फायलींतली गायक-अल्बमची माहिती वाचून यादी करतो. त्यात पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या मांडणीचा असेल तर नावं झाडासारखी नसतात, वहीसारखी एकाखाली एक असतात. शेवटचं नाव शोधायला पहिल्यापासून वाचत जावं लागतं.

त्या वहीला मर्यादाही आहे : एका फोल्डरात ६५,५३६ ओळी. एका फाइलची एक ओळ नसते. लांब नावाच्या दर १३ चिन्हांना एक जादा ओळ लागते, आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘ज्ञानेश्वरी अध्याय १२’ हे नाव एमपी३च्या शेपटीसह २५ चिन्हांचं होतं. दोन जादा ओळी अधिक मूळ एक, मिळून तीन. म्हणजे अशा नावांच्या जास्तीत जास्त एकवीस-बावीस हजार फायली एका फोल्डरात. तुम्ही तिथवर पोचला नाहीत, पण वही वाचायला तिप्पट वेळ लागतो आहे.

शंभर-दीडशे फायलींचा एक फोल्डर करा. गाण्यांत चिकटवलेली अल्बमची मोठमोठी चित्रं एमपी३टॅगसारख्या साधनाने काढून टाका. पेनड्राइव्ह मॅकवर भरला असेल तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली शोधा. प्रत्येक गाण्यामागे अशी एक जोडफाइल असू शकते, तिच्यात गाणं नसतं, तरी बिचारा प्लेअर ती उघडून बघतो. मॅकवर ‘डॉट_क्लीन -एम’ आणि पेनड्राइव्हचा पत्ता दिला की त्या निघतात. किती फायली आणि फोल्डर चालतात ते प्लेअरच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ती मर्यादा ओलांडली की उरलेली गाणी दिसतच नाहीत आणि लोक पेनड्राइव्हला दोष देतात.

प्रश्न : लिनक्सवर काम करते. प्रोजेक्टमध्ये सहा लाख जेसन फायलींचा ‘डेटा’ फोल्डर आहे. कोड एडिटर उघडताना अडकतो, ‘फायलींवर नजर ठेवता येत नाही’ असा इशारा देतो. आमचा पायथन प्रोग्रॅमही सुरू व्हायला मिनिट-दीड मिनिट घेतो. — संगणक अभियंता, पुणे

उत्तर : एडिटरचं आधी. बदल कळावेत म्हणून तो आतल्या प्रत्येक फोल्डरावर इनोटिफायचा, म्हणजे बदल कळवणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा, पहारा बसवतो. त्या पहाऱ्यांना कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मर्यादा असते. जुन्या कर्नलवर ती ८,१९२ होती, ५.११पासून रॅम पाहून ठरते. ‘सिसकंट्रोल’ला ‘एफएस.इनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस’ विचारून बघा. कमी असेल तर ५,२४,२८८ करा. पण नुसती मर्यादा वाढवणं म्हणजे जखमेवर पट्टी. व्हीएस कोड असेल तर ‘फाइल्स.वॉचरएक्सक्लूड’ आणि ‘सर्च.एक्सक्लूड’ या दोन्हीत ‘डेटा’ टाका. त्याहून बरं, तो फोल्डर प्रोजेक्टच्या बाहेर न्या आणि पत्ता कॉन्फिगमध्ये द्या.

तुमच्या प्रोग्रॅमला ‘एसट्रेस -एफ -सी’ लावून चालवा; तो कर्नलकडे काय किती वेळा मागतो ते त्यात मोजलं जातं. ‘गेटडेन्ट्स६४’ शेकड्यांनी आणि ‘न्यूएफस्टॅटअॅट’ सहा लाख दिसलं तर समजा की यादी स्वस्तात येते आहे आणि प्रत्येक फाइलची चौकशी महाग पडते आहे. एक्सटी४ ही लिनक्सची फायली मांडण्याची पद्धत नावं त्यांच्या हॅशच्या (नावावरून काढलेल्या आकड्याच्या) क्रमाने देते, डिस्कवरच्या क्रमाने नाही. त्याच क्रमाने चौकशी केली तर हार्ड डिस्कचं हेड नुसतं इकडून तिकडे धावतं. आधी आयनोड क्रमांकाने (फाइलच्या डिस्कवरच्या नोंदीच्या क्रमांकाने) लावून मग विचारा.

पायथनमध्ये ‘ओएस.लिस्टडिर’ आणि वर प्रत्येकाला ‘आयएसफाइल’, अशी जोडी असेल तर ती काढून ‘ओएस.स्कॅनडिर’ घाला. २०१५च्या ३.५ आवृत्तीपासून ते आहे, आणि फाइल की फोल्डर हे यादीबरोबरच सांगतं. ‘सॉर्टेड’ खरंच हवं आहे का तेही बघा. बहुतेक ठिकाणी सवयीने लिहिलेलं असतं.

खरा उपाय मात्र सुरू होताना सहा लाख फायलींकडे न बघणं हाच. नावं आणि गरजेची माहिती एका एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये ठेवा आणि सुरुवातीला तेवढीच उघडा. फोल्डरची बदल-वेळ पाहून सूची ताजी करायची असेल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा : फाइल आली, गेली किंवा नाव बदललं तरच ती वेळ बदलते, जुन्या फाइलच्या आतला मजकूर बदलला तर नाही. आणि फोल्डर फोडायचाच असेल तर नावाच्या हॅशची पहिली दोन अक्षरं घेऊन २५६ उपफोल्डर करा, गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन आपल्या वस्तू ठेवतं तसे. दरेकी सुमारे २,३४० फायली येतात.

शेवटी एक चकवा. अर्ध्या फायली पुसल्या तरी एक्सटी४वरचा फोल्डर स्वतः आक्रसत नाही. ‘एलएस -एलडी’ने बघा, रिकामा फोल्डरही काही एमबींचा दिसेल आणि तेवढा वाचावा लागेल. नवा फोल्डर करून उरलेल्या फायली त्यात हलवा, जुना काढा, नव्याला जुन्याचं नाव द्या. पुसताना ‘आरएम *’ ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून थांबेल. ‘फाइंड’ला ‘-डिलीट’ लावा, पण आधी ‘-डिलीट’शिवाय चालवून काय जाणार आहे ते डोळ्यांनी बघा.

प्रश्न : अँटिव्हायरस बंद केला की सगळं झपाझप उघडतं. बंदच ठेवू का? — लातूर

उत्तर : नको. दोष सापडला एवढंच त्यातून घ्या. फाइल उघडली की अँटिव्हायरस ती तपासतो, म्हणून फायली जास्त तिथे तो जाणवतो. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘मॅनेज सेटिंग्ज’, खाली ‘एक्सक्लूजन्स’ इथे फक्त तो एक फोल्डर द्या, तोही त्यात तुमच्याच कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून फायली येत असतील तरच. डाउनलोड्स, मेलमधल्या फायली, पेनड्राइव्ह यांना सूट कधीच नाही.

प्रश्न : डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर गेल्यापासून प्रोग्रॅम उघडताना इंटरनेट धावतं. का? — ठाणे

उत्तर : ढगाचं चिन्ह असलेली फाइल तुमच्या डिस्कवर नुसती नावापुरती असते. प्रोग्रॅमने ती उघडली की आधी उतरते, मग वाचली जाते. प्रत्येक फाइलचं छोटं चित्र काढणारा प्रोग्रॅम अशा फोल्डरावर सोडलात तर तो सगळा फोल्डरच उतरवून घेणार. कामाच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा. एकूण फायली तीन लाखांच्या आत ठेवा, हा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. प्रोजेक्ट आणि फोटोंचे मोठे साठे तर वनड्राइव्हच्या बाहेरच बरे.

प्रश्न : कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ‘ओपन’ दाबलं की खिडकी येते आणि वर हिरवी पट्टी रेंगाळत राहते. — रत्नागिरी

उत्तर : बहुधा ती खिडकी डाउनलोड्समध्ये उघडते आहे आणि त्या फोल्डराला विंडोजने ‘चित्रांचा’ ठरवलं आहे. मग फोटो काढल्याची तारीख दाखवायला ते प्रत्येक फाइलच्या आत डोकावतं. फोल्डरावर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कस्टमाइझ’मध्ये ‘जनरल आयटम्स’ निवडा आणि उपफोल्डरांनाही लागू करण्याच्या चौकोनात खूण करा. मग फोल्डर उघडून ‘ग्रुप बाय’ ‘नन’ करा. ‘कस्टमाइझ’ची पाटीच दिसली नाही तर तुम्ही डाव्या यादीतल्या शॉर्टकटवर क्लिक केलं असेल, सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’मधून मूळ फोल्डरावर जा.